तळे जवळ होते, माणूस नव्हता

अभ्यासपाठ : दिव्यांग बंधुभगिनी आणि आरोग्यसेवा



योहानकृत शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बेथेस्दा तळ्याची घटना आहे. ती आपण पुष्कळदा ऐकली आहे. तळ्याला पाच पडव्या होत्या आणि त्या पडव्यांत आजारी, आंधळे, लंगडे असे पुष्कळ लोक पडून असत. त्यांच्यात एक मनुष्य अडतीस वर्षांपासून आजारी होता. बरे होण्याची तुझी इच्छा आहे का, असे प्रभूने त्याला विचारले. त्याने सरळ ‘होय’ म्हटले नाही. पाणी हलते त्या वेळी आपल्याला आत उतरवायला कोणी नसते आणि आपण सरकत जाईपर्यंत दुसराच आधी उतरतो, अशी आपली अडचण त्याने सांगितली.

प्रवचन करताना आम्ही धर्मगुरू बहुधा चमत्काराकडे वळतो आणि हे उत्तर मागे राहून जाते. आजच्या पाठात आपण त्या उत्तरापाशीच थांबणार आहोत. तळे होते, ते जवळ होते, आत उतरायला त्याला कोणाची मनाई नव्हती. तरी अडतीस वर्षे निघून गेली, कारण हात देणारा माणूस नव्हता. आपल्या छत्रपती संभाजीनगरात (औरंगाबादेत) दिव्यांग बंधुभगिनींसाठी रुग्णालये आहेत, योजना आहेत, कायदाही आहे. तिथपर्यंत त्यांना नेणारा माणूस कोण, हा या पाठाचा प्रश्न आहे.

१) एका आईच्या चार खेपा

आपल्या धर्मग्रामातील एका कुटुंबाची हकीगत, त्या आईची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील गाळून सांगत आहोत.

मुलगा चौदा वर्षांचा आहे. त्याला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी आहे. तो माणसे ओळखतो, हसतो, मिस्सेतील गाणी लागली की माना डोलावतो. पण त्याला उभे राहता येत नाही. आई चार घरची धुणीभांडी करते. मुलाकडे दिव्यांगत्वाचा दाखला नव्हता. त्यामुळे त्याच्या नावावर एकही योजना नव्हती.

दाखल्यासाठी ती पहिल्यांदा गेली, तेव्हा ज्यांनी तपासायचे ते डॉक्टर त्या दिवशी नव्हते. दुसऱ्या खेपेला कागदांवरची नावे जुळेनात. तिसऱ्या खेपेला तपासणी वरच्या मजल्यावर होती आणि लिफ्ट बंद होती. चौदा वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन दोन जिने चढणे तिला जमले नाही, ती खालूनच परत फिरली. प्रत्येक खेपेला रिक्षाचे भाडे गेले आणि एका दिवसाचे काम बुडाले. पुढे दीड वर्ष ती गेलीच नाही.

घरभेटीच्या वेळी हे आम्हाला समजले. चौथ्या खेपेला युवक मंडळातील दोघे आणि आम्ही तिच्याबरोबर गेलो. एक जण सकाळी लवकर जाऊन केसपेपरच्या रांगेत उभा राहिला. दुसऱ्याने मुलाला उचलून घेतले. कागदांची पिशवी आमच्याकडे होती. दुपारी दोनपर्यंत काम झाले. आम्ही वशिला लावला नाही, कोणाला फोन केला नाही. त्या आईच्या सोबतीला तीन माणसे जास्त होती, एवढाच फरक होता.

इथे आम्हाला दोन गोष्टी कबूल केल्या पाहिजेत. पहिली अशी की, दुसऱ्या खेपेला जे नाव जुळले नाही ते आपल्याच चर्चच्या बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरचे होते. आपल्या नोंदवहीत नावाचे स्पेलिंग एक आणि आधार कार्डावर दुसरे. म्हणजे त्या आईची एक खेप आपल्या कार्यालयामुळे फुकट गेली. दुसरी गोष्ट अधिक जिव्हारी लागणारी आहे. पाच वर्षे आम्ही त्या घरी जात होतो, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करत होतो; पण याचा दाखला काढला आहे का, याला कोणते डॉक्टर पाहतात, हे एकदाही विचारले नव्हते. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मुलाचे आखडलेले गुडघे पाहिले. लहानपणापासून नियमित फिजिओथेरपी मिळाली असती तर सांधे इतके आखडले नसते, असे ते म्हणाले. ती वर्षे आता परत येणार नाहीत.

२) किती जण आहेत आणि ते कुठे आहेत?

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. महाराष्ट्रात हा आकडा २९ लाख ६३ हजारांच्या पुढे होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे जगातील सुमारे १६ टक्के माणसे कोणत्या ना कोणत्या लक्षणीय अपंगत्वासह जगतात. दोन आकड्यांत एवढे अंतर पडते, कारण मोजण्याच्या पद्धती वेगळ्या आहेत. शिवाय आपल्याकडे पुष्कळ घरे विचारल्यावरही सांगत नाहीत. मुलीचे लग्न अडेल, लोक नावे ठेवतील, ही भीती असते.

जनगणनेचा कमी असलेला आकडा जरी धरला, तरी दर शंभर माणसांमागे दोन-तीन जण होतात. आता रविवारच्या मिस्सेत आपण आजूबाजूला पाहू या. कितीजण दिसतात? जे दिसत नाहीत ते बहुधा घरीच आहेत. पुष्कळदा त्यांच्यासाठी घरातील आई, पत्नी किंवा बहीण यांच्यापैकी एक जणही घरीच राहिलेली असते.

३) कायदा काय सांगतो?

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार मानले होते. त्याच्या जागी ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ आला आणि १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू झाला. त्यात एकवीस प्रकार आहेत. अंधत्व, बहिरेपण, हातापायांचे अपंगत्व, बौद्धिक अक्षमता यांच्याबरोबर स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी, शिकण्यातील विशिष्ट अक्षमता, दीर्घ मानसिक आजार, पार्किन्सन, मल्टिपल स्क्लेरोसिस, हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल, ॲसिड हल्ल्याने आलेले अपंगत्व, बुटकेपणा यांचाही समावेश आहे. पुष्कळांना वाटते की चाकाची खुर्ची किंवा पांढरी काठी असली तरच दाखला मिळतो. ही समजूत चुकीची आहे.

या कायद्याचे पंचविसावे कलम आरोग्यसेवेविषयी आहे. त्यात तीन गोष्टी ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. दिव्यांग व्यक्तीला जवळच्या परिसरात, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत आरोग्यसेवा मिळावी. मात्र यासाठी शासन उत्पन्नाची मर्यादा ठरवू शकते. सरकारी तसेच खासगी रुग्णालयांच्या सर्व भागांत अडथळ्याविना जाता यावे. आणि तपासणी व उपचारात दिव्यांग व्यक्तीला प्राधान्य मिळावे. म्हणून ओपीडीच्या रांगेत आधी घ्या, असे नम्रपणे सांगताना आपण मेहेरबानी मागत नसतो. कायद्याने दिलेले आपण मागत असतो.

कायदा असूनही इमारती बदलत नाहीत, हेही खरे आहे. राजीव रतुरी या दृष्टिहीन गृहस्थांनी सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात म्हणून २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. २०१७ मध्ये न्यायालयाने निर्देश दिले. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले की, सुगम्यतेचे नियम ऐच्छिक नकोत, बंधनकारक करावेत. पहिल्या दिवसापासून शेवटच्या निकालापर्यंत एकोणीस वर्षे लागली. बेथेस्दाच्या माणसाने वाट पाहिली त्याच्या बरोबर निम्मी.

आपल्या लोकांना नेहमी पडणारी एक शंका इथेच दूर करतो. ख्रिस्ती असल्यामुळे जातीचा दाखला मिळत नाही, तर मग हेही मिळणार नाही, असे काही जण म्हणतात. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी जात किंवा धर्म पाहिला जात नाही.

४) पहिली पायरी : दाखला आणि यूडीआयडी कार्ड

बहुतेक सवलतींची सुरुवात या कार्डापासून होते. अर्ज ‘स्वावलंबन कार्ड’ या शासकीय संकेतस्थळावर करायचा असतो. अर्जासाठी सरकारी शुल्क नाही. सेवा केंद्रवाले फॉर्म भरून देण्याचे पैसे घेतात, तेवढेच. अर्जात रुग्णालय निवडावे लागते. मग बोलावलेल्या दिवशी तिथे तपासणी होते आणि दिव्यांगत्वाची टक्केवारी ठरते. बहुतेक योजनांसाठी किमान ४० टक्के लागतात. कार्डाचा रंग टक्केवारीप्रमाणे असतो : ४० च्या खाली पांढरा, ४० ते ८० च्या आत पिवळा, ८० आणि त्यापुढे निळा.

जाण्याआधी पुढील तयारी करावी.

– आधार कार्ड, रेशन कार्ड, शाळेचा दाखला आणि बाप्तिस्म्याचा दाखला यांवरची नावे अक्षरन् अक्षर जुळतात का, ते पाहावे. आपल्या नोंदवहीत चूक असेल तर धर्मग्राम कार्यालयात आधी यावे.
– जुने केसपेपर, एक्स-रे, डिस्चार्ज कार्ड, शस्त्रक्रियेचे कागद तारखेप्रमाणे लावून न्यावेत. मूळ कागद हातचे सोडू नयेत, झेरॉक्स द्यावी.
– लहान मुलाचा किंवा बदलू शकणाऱ्या स्थितीचा दाखला ठरावीक मुदतीचा असतो. ती तारीख घरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवावी. मुदत संपली की योजनाही थांबते.
– टक्केवारी चुकली असे वाटल्यास अपील करता येते. भांडण न करता लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

५) कोणते दार कशासाठी?

लहान बाळ असेल तर : ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यातील पालघर येथून सुरू झाला. त्यात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत आणि शाळेत तपासणी होते आणि गरज असलेल्या मुलांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. बाळ मान धरत नाही, आवाजाकडे वळत नाही, नजरेला नजर देत नाही, असे आढळल्यास ‘बोलेल हळूहळू, याचे बाबाही उशिरा बोलले’ असे म्हणत थांबू नये. जन्मतः वाकडे असलेले पाऊल पहिल्या आठवड्यांपासून प्लॅस्टर घालत गेल्यास बहुतेक वेळा मोठ्या शस्त्रक्रियेविना सरळ होते. बहिऱ्या बाळाला भाषा शिकण्यासाठी पहिली काही वर्षेच सर्वांत मोलाची असतात.

मोठा आजार किंवा शस्त्रक्रिया असेल तर : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत रेशन कार्डधारक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतील रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो, त्याला प्रथम भेटावे.

स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असेल तर : १९९९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना आहे. तिच्यात वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण असून ओपीडी आणि थेरपीचा खर्चही बसतो. असे मूल अठरा वर्षांचे झाले की कायद्याच्या दृष्टीने ते सज्ञान होते आणि आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. म्हणून जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करावा. आमच्या मागे याचे कोण, या प्रश्नाने ज्या आईवडिलांची झोप उडते, त्यांनी हे काम पुढे ढकलू नये. आपल्या शहरात ‘आरंभ’ ही संस्था स्वमग्न मुलांसाठी काम करते. अशा ठिकाणी इतर पालक भेटतात, तोही मोठा आधार असतो.

साधने हवी असल्यास : केंद्र शासनाच्या ‘एडीआयपी’ योजनेतून तीनचाकी सायकल, चाकाची खुर्ची, कुबड्या, कॅलिपर, श्रवणयंत्र अशी साधने मिळतात. त्यासाठी तपासणी व मोजमापाची शिबिरे होतात. खुर्ची मापाची असावी. सैल खुर्चीत बसून पाठ वाकते आणि जखमा होतात. याशिवाय ग्रामपंचायत, नगरपालिका, महानगरपालिका यांनी आपल्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. गंगापूर, वैजापूर, कन्नडकडे आपले नातेवाईक असतील, त्यांना ग्रामसभेत हा प्रश्न विचारायला सांगावे.

महिन्याचा आधार हवा असल्यास : संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांग लाभार्थ्यांचे मासिक अनुदान सप्टेंबर २०२५ च्या निर्णयाने १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये करण्यात आले. अर्ज तहसील कार्यालयात करावा लागतो. उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते लागते. एसटीच्या साध्या बसमध्ये ४० टक्के व त्यापुढील दिव्यांगांना भाड्यात ७५ टक्के सूट आहे.

मनाचा आजार असेल तर : ‘टेलिमानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. मराठीतही बोलता येते.

कुठेच दाद लागली नाही तर : डिसेंबर २०२२ पासून राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग आहे, आणि कायद्याप्रमाणे पुण्यात दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय आहे. तिथे लेखी तक्रार करता येते.

६) दिव्यांग माणसालाही ताप येतो

ही गोष्ट फार साधी आहे, म्हणूनच ती विसरली जाते. अंध माणसालाही साखरेचा आजार होतो. बहिऱ्या मुलीचेही पोट दुखते. चाकाच्या खुर्चीतील स्त्रीलाही स्त्रीरोगतज्ज्ञाची गरज असते आणि तपासणीचे टेबल उंच असल्यामुळे ती वर्षानुवर्षे जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेचा वर उल्लेखलेला अहवाल सांगतो की, काही दिव्यांग व्यक्ती इतरांपेक्षा वीस वर्षांपर्यंत लवकर मरण पावतात. त्यामागे दुर्लक्ष, गरिबी आणि वाटेतले अडथळे यांचा मोठा वाटा आहे.

घरच्यांसाठी काही सूचना देत आहोत. मणक्याला मार लागून अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी. कंबर, टाचा आणि ढोपरे रोज पाहावीत. लाल झालेली जागा ही बेडसोरची सुरुवात असते आणि त्या जागेवर संवेदना नसल्याने रुग्ण तक्रार करत नाही. लघवी गढूळ झाली, थंडी वाजून ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

आपल्यातील ज्यांना लहानपणी पोलिओ झाला ते आता प्रौढ किंवा वृद्ध आहेत. देशातील शेवटचा पोलिओ रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. परंतु जुन्या रुग्णांना कित्येक वर्षांनी स्नायूंची नवी अशक्तता आणि थकवा येऊ शकतो. ‘वय झाले’ म्हणून तो अंगावर काढू नये, डॉक्टरांना जुन्या पोलिओची माहिती द्यावी.

सोबत जाणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे. डॉक्टर प्रश्न विचारतील तेव्हा दिव्यांग व्यक्तीलाच उत्तर देऊ द्यावे. ‘याला काय होतंय?’ असे आपल्याकडे पाहून विचारले, तर ‘डॉक्टर, तोच सांगेल’ असे म्हणावे. बहिऱ्या व्यक्तीबरोबर वही-पेन न्यावे. आपण पाय आणि हात पुरवायला गेलेलो असतो. त्याचे तोंड आपण व्हायचे नाही.

७) सोबत केल्याने काय होते?

आपल्या धर्मप्रांताचे कॅथेड्रल संत फ्रान्सिस दि सेल्स यांच्या नावाने उभे आहे. कर्णबधिरांचे आश्रयदाते म्हणून त्यांना मानतात, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. सुमारे १६०५ साली त्यांना मार्टिन नावाचा एक तरुण भेटला. त्याला ऐकू येत नव्हते, बोलता येत नव्हते. त्या काळी अशा माणसाला धर्मशिक्षण देणे शक्य नाही असेच मानले जाई. फ्रान्सिस हे बिशप होते, कामांचा डोंगर होता. तरी त्यांनी स्वतः हातांच्या खुणा ठरवून त्याला शिकवले आणि तो ख्रिस्तप्रसादाला पात्र झाला. मार्टिनचे कान बरे झाले नाहीत. फ्रान्सिस यांचे हात मात्र नवी भाषा शिकले.

अलीकडचे उदाहरण कोल्हापूरचे आहे. नसीमा हुरजूक यांना वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी कमरेखालचे अपंगत्व आले. त्या काळात बाबूकाका दिवाण या, स्वतः चाकाच्या खुर्चीत असलेल्या गृहस्थांची भेट झाली आणि जगता येते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले. पुढे त्यांनी सरकारी नोकरी केली आणि १९८४ मध्ये ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. उपचार, वसतिगृह, शाळा, रोजगार अशा वाटांनी त्या संस्थेने पुष्कळांना आधार दिला. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मचरित्र वाचनीय आहे. एका माणसाने एकीला वाट दाखवली आणि तिने इतरांसाठी रस्ता बांधला.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार आम्हाला पाठ करावा लागला होता. लाकडात पेटण्याची शक्ती असते, पण ते आपोआप पेटत नाही. आधीच पेटलेले काहीतरी त्याला लागावे लागते. परीक्षेपुरता पाठ केलेला तो विचार आम्हाला त्या दिवशी केसपेपरच्या खिडकीसमोर आठवला. कायद्यातला हक्क हा कोरड्या लाकडासारखा आहे. तो खोटा नाही, पण कोणीतरी हलल्याशिवाय त्याची ऊब कोणाला मिळत नाही. शासनाने आपले काम केलेच पाहिजे, लिफ्ट चालू ठेवलीच पाहिजे, आणि ते मागणे आपण सोडायचे नाही. तोवर त्या मुलाला जिना कोण चढवणार, याचे उत्तर मात्र शेजाऱ्यांनीच द्यायचे आहे.

८) आपले स्वतःचे दार

रुग्णालयाच्या लिफ्टविषयी बोलल्यावर आपल्या चर्चच्या दाराकडे पाहणे भाग आहे. गेल्या मंगळवारी आम्ही टेप घेऊन मोजले. मुख्य दाराला तीन पायऱ्या आहेत आणि त्यांची एकूण उंची दीड फूट भरते. उताराचे प्रमाण एकास बारा असावे, असे मार्गदर्शक तत्त्व आहे. म्हणजे दीड फूट उंचीला अठरा फूट लांबीचा उतार आणि बाजूला कठडा लागेल. समोर तेवढी जागा नाही. बाजूच्या दाराकडे आहे, पण तिथे सध्या दुचाक्या उभ्या असतात. गाड्या थोड्या लांब लावल्या तर उतार होऊ शकतो. पॅरिश कौन्सिलपुढे हा विषय पुढच्या सभेत ठेवत आहोत. उतार होईपर्यंत चार जणांनी खुर्ची उचलावी लागेल. कफर्णहूमच्या त्या चौघांनी तर घराचे छप्पर उघडले होते. आपल्याला फक्त गाड्या हलवायच्या आहेत.

९) आपण काय करणार?

पुढच्या रविवारपासून दुसऱ्या मिस्सेनंतर पॅरिश हॉलमध्ये एक टेबल असेल. तिथे तीन कामे होतील.

– ज्या घरी दिव्यांग व्यक्ती आहे त्यांची माहिती, त्यांची इच्छा असल्यास, लिहून घेतली जाईल. ती वही कार्यालयात कुलपात राहील आणि नावे प्रार्थनेतही वाचली जाणार नाहीत.
– सोबत करणाऱ्यांची यादी केली जाईल. महिन्यातून एक सकाळ देऊ शकणारे, रिक्षा किंवा गाडी असलेले, ऑनलाइन अर्ज भरता येणारे, निवृत्त नर्स आणि शिक्षक, अशा सर्वांची गरज आहे. स्त्री रुग्णाबरोबर महिला मंडळाची भगिनीच जाईल.
– बाप्तिस्म्याच्या दाखल्यावरील नावाच्या दुरुस्तीचे अर्ज घेतले जातील. योग्य कागद असल्यास त्याच आठवड्यात दुरुस्ती करून देऊ. याची जबाबदारी आमची.

पैशांचे दान या टेबलावर स्वीकारले जाणार नाही. इथे आपली वेळ हवी आहे.

त्या मुलाचे कार्ड आले आहे. रंग निळा आहे. आठवड्यातून दोनदा फिजिओथेरपी सुरू झाली असून युवक मंडळातील मुले पाळीपाळीने त्याला नेतात. त्याचे गुडघे पूर्ण सरळ होणार नाहीत, हे त्याच्या आईला ठाऊक आहे. परवा ती भेटली तेव्हा म्हणाली, “फादर, आता मंगळवारी आणि शुक्रवारी तो सकाळपासून दाराकडे बघत बसतो.”

घरी आणि समूहसभेत चर्चा करण्यासाठी प्रश्न

१. आपल्या गल्लीत किंवा नात्यात दिव्यांग व्यक्ती कोण आहे? तिला शेवटचे डॉक्टरांनी कधी तपासले, हे आपल्याला माहीत आहे का?
२. तिची काळजी घेणाऱ्या व्यक्तीला गेल्या महिन्यात एक तरी दिवस विसावा मिळाला का? तो देण्यासाठी आपण काय करू शकतो?
३. बेथेस्दाच्या पडव्यांत बरे होऊन गेलेले लोकही असतील. त्यांच्यापैकी एकही जण त्या माणसासाठी मागे का थांबला नसेल? त्यांच्या जागी आपण असतो तर काय केले असते?